माशी कुठे शिंकली?

आमच्या घरच्या ठासणीच्या बंदुकीला घोडा होता, चाप होता, दस्ता होता, गज होता आणि नळीच्या अगदी टोकाला एक माशी होती. म्हणजे असायला हवी होती. ते पुढे सांगतो. नेम धरण्यासाठी नळीच्या टोकाशी जो बारीकसा उंचवटा असतो त्याला मराठीत माशी म्हणतात. हे नाव ज्याने ठेवलं त्याने नक्कीच आयुष्यात बरेच बार फुकट घालवले असणार. कारण नेम धरताना तो उंचवटा हुबेहूब माशीसारखा वागतो. हवा तिथे बसत नाही, बसलाच तर टिकत नाही, आणि आता जमलं असं वाटतं त्या क्षणी उडतो. शिवाय बार हुकल्यावर काय म्हणायचं त्याचीही सोय भाषेने आधीच करून ठेवली आहे. माशी शिंकली म्हणायचं आणि घरी यायचं.

हा शब्द मी लहानपणी कुडाळजवळच्या आमच्या गावी आजोबांच्या तोंडून ऐकला आणि नंतर पस्तीसेक वर्षं तो कुठे वापरावा लागला नाही. मी सॉफ्टवेअरच्या धंद्यात. आमच्याकडे किडे असतात, माश्या नसतात. पण पेनसिल्व्हेनियात घर घेतलं आणि शेजारी तात्या निघाले.

तात्या हे त्यांचं नाव नव्हे. ते जन्माने, वर्णाने आणि आडनावाने अमेरिकन आहेत, वय अडुसष्ट, आयुष्य एका मशीनशॉपमध्ये लेथवर गेलेलं. पण कानावर पेन्सिल, अंगात चौकटीचा फ्लॅनेलचा शर्ट, आणि जगातल्या प्रत्येक वस्तूकडे 'हे कुणी बिघडवलं?' अशा नजरेने बघण्याची सवय. आमच्या वाडीत पडवीवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याच्या सायकलीची चेन तपासणारे जे तात्या होते, तेच हे. बोलतात इंग्रजी, पण माझ्या कानात ते मालवणीच उमटतं. मी नवीन गवत कापायचं यंत्र आणलं तेव्हा कुंपणापलीकडून त्यांनी जे काही इंग्रजीत म्हटलं, त्याचा सरळ अर्थ 'मेल्या, ह्यां काय हाडलंस?' असाच होता. त्यांच्या पत्नीला मी मनातल्या मनात काकू म्हणतो. काकू फारसं बोलत नाहीत. त्याची भरपाई त्या बघून करतात.

तर तात्यांकडे ठासणीची बंदूक आहे. किट मागवून, दोन हिवाळे खर्ची घालून त्यांनी ती स्वतः बांधली. लँकेस्टर कौंटीतले जर्मन कारागीर अठराव्या शतकात जशा लांबलचक रायफली घडवत तशीच ही. नळी ४२ इंच, बोअर पॉइंट ५०, दस्ता नागमोडी रेषांच्या मॅपलचा. गाभण म्हशीच्या पाठीवरून फिरवावा तसा ते तिच्यावरून हात फिरवतात. मला पहिल्यांदा दाखवली तेव्हा मी नकळत बोलून गेलो, "आमच्या घरी पण आहे." त्या दिवसापासून तात्यांच्या लेखी मी माणसात आलो. मी संगणकावर काय करतो हे त्यांना कधीच कळलं नव्हतं आणि त्याबद्दल त्यांचं मत चांगलं नव्हतं.

आमच्या घरची बंदूक शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची. कोकणात अशा बऱ्याच आहेत. कागदोपत्री ते हत्यार, प्रत्यक्षात भात पोटरीला आलं की शेतात शिरणाऱ्या डुकरांना दम देण्याचं वाद्य. आजोबा माळ्यावर बसून आभाळाकडे नळी करून बार काढायचे. "मारूक नाय रे, घाबरवूक," असं आम्हां पोरांना समजावून सांगायचे. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर परवानगीशिवाय मारायचा प्रश्नही उरला नाही. त्यात निवडणूक आली, आचारसंहिता लागली, की बंदूक पोलीस ठाण्यात जमा. कधी ग्रामपंचायत, कधी झेडपी, कधी विधानसभा, कधी लोकसभा. डुकरांना निवडणूक आयोगाचं वेळापत्रक पाठ असावं, कारण बंदूक ठाण्यात पोचली की तीही त्याच रात्री शेतात पोचत.

इकडे उलटं. अमेरिकेच्या १९६८ च्या केंद्रीय कायद्याप्रमाणे अशी ठासणीची बंदूक ही बंदूकच नव्हे. ती जुनीपुराणी वस्तू. राज्याराज्यांचे नियम वेगळे असतात, पण एकंदरीत तांब्याचा बंब मागवावा तशी ती मागवता येते. हे मी गावी फोनवर सांगितलं तेव्हा आईने पहिला प्रश्न विचारला, "मग निवडणुकीक जमा खंय करतत?" दुसऱ्या दिवशी मी तिला सांगितलं की शेजारी सध्या तळघरात बसून दारू ठासतात, तेव्हा मात्र तिला काळजी वाटली. काळ्या दारूची, असा खुलासा केल्यावर तर जास्तच.

पेनसिल्व्हेनियाने १९७४ पासून हरणाच्या शिकारीचा एक हंगाम खास चकमकीच्या बंदुकांसाठी राखून ठेवला आहे. नाताळ झाला की सुरू. आजोबांच्या बंदुकीला केप लागायची. इथे तीही चालत नाही. घोड्याच्या जबड्यात गारगोटी धरलेली असते. चाप ओढला की ती पोलादी पत्र्यावर आपटते, ठिणग्या उडतात, त्या बंदुकीच्या कानात घातलेल्या रंजकात पडतात, रंजक भडकतं, त्याची धग बारीक छिद्रातून नळीत जाते आणि तिथली दारू पेटते. हे सगळं झालं तर. न झालं तर नुसतं रंजक फुस्सकन जळतं, शिकाऱ्याच्या भुवया जळल्याचा वास येतो आणि हरीण मान वळवून बघतं. या बंदुकीवर दुर्बीण लावायला बंदी. सरकारचं म्हणणं थोडक्यात असं, की हरीण मारायचं तर मारा, पण जरा अडचणीत मारा.

मला हे धोरण तत्त्वतः मान्य आहे. माझी ट्युलिप, माझे होस्टे आणि कुंपणाला लावलेली कोवळी झाडं इथल्या पांढऱ्या शेपटीच्या हरणांनी ज्या शिस्तीत खाल्ली, ते पाहून मला आजोबा आठवले. पण मी शाकाहारी आहे आणि घरातल्या घरातसुद्धा शिकारीचा विषय जपून काढतो.

दोन हंगामांत तात्यांचे तीन बार हुकले. तिन्ही पन्नास यार्डांच्या आत. पहिला वाऱ्याने, दुसरा फांदीने. तिसऱ्याला वाराही नव्हता, फांदीही नव्हती. हरीण अंगणातल्या तुळशीसारखं स्थिर उभं होतं. तेव्हा तात्यांनी निष्कर्ष काढला की दोष माशीचा आहे.

इथे एक तांत्रिक गोष्ट सांगायला हवी. साध्या उघड्या साइटमध्ये तीन गोष्टी एका ओळीत आणायच्या असतात. डोळ्याजवळची खाच, नळीच्या टोकावरची माशी आणि दूरचं हरीण. तिन्ही तीन अंतरांवर; डोळा एका वेळी एकाच अंतरावर स्पष्ट बघू शकतो. एसटी स्टँडवर उभं राहून हातातलं तिकीट, दारातला कंडक्टर आणि पलीकडच्या फलाटावरल्या गाडीची पाटी एकदम वाचून बघा, म्हणजे कळेल. विशीत डोळा या तिघांत इतका चपळ फिरतो की तिन्ही एकदम दिसल्याचा भास होतो. पुढे डोळ्यातलं भिंग ताठर होत जातं. मराठीने याही गोष्टीला वयासकट नाव दिलंय : चाळिशी. माणसाला लागते तीही चाळिशी, नाकावर बसते तीही चाळिशी.

तात्यांना अडुसष्टाव्या वर्षीही ती लागलेली नव्हती. म्हणजे त्यांच्या मते. हॉटेलात मेनूकार्ड ते हात पूर्ण लांब करून वाचतात, आणि हात पुरेनासा झाला की काकू न विचारता ऑर्डर देतात.

नोव्हेंबरमध्ये त्यांनी मला तळघरात बोलावलं. कामाच्या टेबलावर जुन्या बनियनचं फडकं अंथरून त्यावर साइट मांडून ठेवल्या होत्या. सोनाराकडे नथी मांडतात तशा. पहिली मूळची, पितळेची, बुटकी. जुन्या लांब रायफलींना अशाच असत. सावलीत ती दिसत नाही आणि उन्हात इतकी चमकते की तीच दिसते. दुसरी फायबर ऑप्टिकची. मागे दोन हिरवे ठिपके, पुढे एक लाल. बॅटरी नाही, बाहेरचाच उजेड पिऊन पेटतात. मी नेम धरून बघितला आणि गणपतीच्या मखराची आठवण झाली. तात्यांनी ती आधीच्या वर्षी बसवली होती. काकूंनी पाहिली, काही बोलल्या नाहीत, फक्त जाताना म्हणाल्या, "ख्रिसमस ट्रीचं एक टोक मोकळंच आहे." कायद्याला ती चालते. काकूंना चालली नाही. तात्यांनी ती काढली आणि परंपरेचं कारण सांगितलं.

तिसरी म्हणजे एक गोल चकती, मध्ये भोक. पीप साइट.

"हे भोक," तात्या म्हणाले, "ऐंशी डॉलर."

मी भोकातून बघितलं. आणि खरं सांगतो, ऐंशी डॉलर कमी वाटले. तळघराच्या त्या टोकाला रंगाच्या डब्यांवरची अक्षरंसुद्धा दिसायला लागली. बारीक भोकातून बघितलं की जवळचं आणि दूरचं दोन्ही त्यातल्या त्यात रेखीव होतं. कॅमेऱ्याचं छिद्र लहान केल्यावर होतं तसंच. शिवाय डोळा आपोआप भोकाच्या मध्याशी जातो, मध्य शोधावा लागत नाही. भोकाकडे बघायचंच नाही, भोकातून बघायचं. माझी आत्या चष्मा विसरली की मूठ वळून, मुठीत बारीक फट ठेवून, त्यातून लांबच्या बसची पाटी वाचायची. आम्ही हसायचो. तिने फुकटात पीप साइट लावली होती हे कळायला मला तात्यांच्या तळघरापर्यंत यावं लागलं.

पण हे भोक बसवायला बंदुकीला आणखी भोकं पाडावी लागत होती. तात्यांनी ड्रिल हातात घेतलं, खाली ठेवलं, पुन्हा घेतलं. दोन हिवाळे घालवून घडवलेली नळी. शेवटी ते ऐंशी डॉलरचं भोक त्यांनी दुसऱ्या, कारखान्यात बनलेल्या ठासणीच्या बंदुकीवर बसवलं. तिला भोकं पाडताना कुणाला वाईट वाटलं नाही. त्याच बंदुकीवर ऑक्टोबरमध्ये दुर्बीण असते.

ऑक्टोबरमध्ये दुर्बीण चालते हे ऐकून मी चकित झालो. तात्यांनी मग मला राज्यांचं शास्त्र शिकवलं. याच राज्यात ऑक्टोबरच्या छोट्या हंगामात आधुनिक ठासणीची आणि तिच्यावर दुर्बीण हे दोन्ही कायदेशीर. नाताळानंतर दोन्ही बेकायदा. शेजारच्या ओहायोत दुर्बीण चालते. कोलोराडोत ठासणीच्या हंगामात दुर्बीण चालत नाही, पण फायबरचे ठिपके चालतात. गोळ्यांच्या स्वरूपातली दारू चालत नाही, सुटी चालते. आणि युटाने तर कमालच केली. २०१६ मध्ये मोठं करून दाखवणाऱ्या दुर्बिणीला परवानगी दिली, लोकांनी हजारो डॉलरच्या दुर्बिणी घेतल्या, आणि २०२४ मध्ये परवानगी काढून घेतली. आपल्याकडे नोटबंदीचे तज्ज्ञ आहेत तसे युटात दुर्बीणबंदीचे असणार. म्हणजे हरणाने राज्याची सीमा ओलांडली की त्याला किती स्पष्ट दिसायचं हे बदलतं. दिसण्याच्या बाबतीत हरणाचं मत कुणी घेतल्याचं ऐकिवात नाही.

"पण ठासणीच्या बंदुकीवर दुर्बीण म्हणजे भ्रष्टाचार," असं तात्या म्हणाले, आणि मी गप्प बसायला हवं होतं. पण मी वाचून गेलो होतो. अमेरिकन यादवी युद्धात दक्षिणेच्या नेमबाजांकडे इंग्लंडहून आलेल्या व्हिटवर्थ रायफली होत्या. त्या ठासणीच्याच, आणि काहींवर बाजूला बसवलेली दुर्बीण होती. ती दुर्बीण डेव्हिडसन नावाच्या कर्नलची. हा गृहस्थ मुंबई इलाख्याच्या फौजेत नोकरी करून गेलेला. ९ मे १८६४ रोजी स्पॉट्सिल्व्हेनियाला उत्तरेचा जनरल सेजविक आपल्या सैनिकांना धीर देत होता. लांबून येणाऱ्या गोळ्यांना घाबरून ते खाली वाकत होते. इतक्या अंतरावरून त्यांना हत्तीसुद्धा लागायचा नाही, असं तो म्हणाला. थोड्याच वेळात एक गोळी त्याच्या डाव्या डोळ्याखाली लागली. तेव्हा ठासणी आणि दुर्बीण यांचा संसार दीडशे वर्षांहून जुना आहे आणि त्यातला निम्मा आमच्या बाजूचा आहे, असं मी तात्यांना ऐकवलं.

तात्या बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "तो उत्तरेचा होता ना?" पेनसिल्व्हेनियाही उत्तरेत. विषय तिथेच थांबला.

निर्णय असा झाला की पितळी माशी ठेवायची, पण नीट बसवायची. साइट बसवण्याचं शास्त्र फार वैतागवाणं आहे. मागची खाच, गोळी जिकडे जायला हवी तिकडे सरकवायची. पुढची माशी मात्र बरोबर उलट दिशेला. गोळ्या खाली लागत असतील तर माशी कानशीने घासून बुटकी करायची, म्हणजे नळीचं तोंड वर येतं. म्हणून कारागीर माशी मुद्दाम उंच ठेवतात. घासून कमी करता येते, घासलेली वाढवता येत नाही. आमटीत मीठ घालणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. तात्यांच्या बंदुकीत खाच आणि माशी यांच्यात ३३ इंचांचं अंतर आहे. माशी पाव मिलिमीटर सरकली तर पन्नास यार्डांवर गोळी जवळजवळ दीड सेंटिमीटर सरकते. तात्या पितळेचा ठोकणा आणि छोटी हातोडी घेऊन टुकटुक करत. पहिल्या दिवशी त्यांनी पुढची माशी मागच्या खाचेच्या नियमाने सरकवली आणि गोळ्या आणखी डावीकडे जाऊ लागल्या. शेवटची गोळी शेजारच्या माणसाच्या लक्ष्याला लागली, आणि तीही मधोमध. त्या माणसाने तात्यांचे आभार मानले.

दुसऱ्या शनिवारी मीही रेंजवर गेलो. काकूही आल्या. थर्मासमधून कॉफी, गुडघ्यावर विणकाम. तात्यांनी पितळी मापातून सत्तर ग्रेन काळी दारू मोजून नळीत ओतली. गादीच्या खोळीच्या पट्ट्यापट्ट्यांच्या कापडाचं ठिगळ थुंकी लावून ओलं केलं, नळीच्या तोंडावर ठेवलं, त्यावर पॉइंट ४९० ची शिशाची गोळी, आणि गजाने ठासत ठासत खाली नेली. गजाचा तो घासटल्यासारखा आवाज ऐकला आणि मी थेट आमच्या माळ्यावर जाऊन बसलो. वासही तोच, दिवाळीच्या पहाटेचा. कानात रंजक. घोडा पूर्ण मागे. तात्यांनी गाल दस्त्याला लावला, श्वास सोडला, चाप ओढला.

खट्, फुस्स, धडाम. तीन वेगवेगळे आवाज, तिघांत अंगणात रांगोळी काढून होईल इतका अवकाश. म्हणजे मला तरी तसं वाटलं. पांढऱ्या धुरात तात्या गडप झाले. गोळी लक्ष्याच्या खाली, मातीत.

"माशी," धुरातून आवाज आला.

असे पाच बार झाले. पाचही वेळा माशी. सहाव्या वेळी तात्या नळी पुसायला फडकं आणायला गाडीकडे गेले. बंदूक ठासून तयार होती. कानात रंजक घालून झाकण लावलेलं. काकूंनी विणकाम खाली ठेवलं, झाकण उघडलं, फुंकर मारून कान साफ केला, झाकण पुन्हा लावलं आणि विणकाम हातात घेतलं. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. मी आजवर पाहिलेल्या गुन्ह्यांपैकी हा सर्वांत शांत होता.

तात्या आले. गाल, श्वास, चाप. खट्. गारगोटी आपटली, ठिणग्या उडाल्या, पेटायला काही नव्हतंच. आणि तरीही, बार उडालाच नसताना, नळी चांगली चार बोटं खाली बसली, तात्यांचा खांदा आक्रसला आणि डोळे, दोन्ही डोळे, गच्च मिटलेले. परीक्षेचा निकाल उघडताना मिटतात तसे.

थोडा वेळ कुणीच काही बोललं नाही. मग काकू म्हणाल्या, "त्या माशीचा एवढा विचार करतोस. ती निदान उघड्या डोळ्यांनी बघ तरी."

आता हे तसं चकमकीच्या बंदुकीचं जुनंच दुखणं. डोळ्यापासून वीतभर अंतरावर रंजक भडकतं. शरीराला एकदा ते कळलं की ते चाप ओढायच्या आधीच डोळे मिटून घेतं. त्याला साइट काय करणार? फायबरचे तीन ठिपके, ऐंशी डॉलरचं भोक, मुंबई इलाख्याची दुर्बीण, सगळं पापणीच्या बाहेरच्या अंगाला. तात्यांना हे पटलं नाही. पण त्यांनी परतीच्या वाटेवर गाडी गप्प चालवली, आणि सिग्नलला एकदा स्वतःशीच डोळे मिटून उघडून बघितले. मागच्या गाडीने हॉर्न दिला.

पुढच्या आठवड्यात ते कुणालाही न सांगता डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेले. मला कळलं कारण त्यांनी माझ्याकडून मोजपट्टी मागून नेली. नेमबाजांसाठी खास चष्मा करून मिळतो. भिंग अशा बेताचं की माशीच्या अंतरावरचं तेवढं लख्ख दिसावं. त्यासाठी डोळा ते माशी अंतर सांगावं लागतं. दवाखान्यात बंदूक नेता येत नाही, म्हणून तात्या दोरीला गाठ मारून ती दोरी घेऊन गेले आणि डॉक्टरसमोर एक टोक गालाला लावून दुसरं टोक त्यांच्या हातात दिलं. डॉक्टरने वयाची नोंद करताना विचारलं, वाचायला चष्मा किती नंबरचा? तात्या म्हणाले, मला वाचायला चष्मा लागत नाही. मग डॉक्टरने त्यांना वाचायला दिलं.

असे एकाऐवजी दोन चष्मे आले. नेमाचा आणि चाळिशी. नेमाचा चष्मा घालून तात्यांनी तळघरात माशी बघितली आणि म्हणाले, "अरे, ही वाकडी घासली आहे." वाकडी होतीच, त्यांनीच घासली होती, तेव्हा दिसली नव्हती. ती पुन्हा घासली. माझ्या नाकावर प्रोग्रेसिव्ह चष्मा आहे, वर लांबचं, खाली जवळचं. मी त्यातून नेम धरायला गेलो तर माशी बघायला हनुवटी वर करावी लागायची आणि खाच बघायला आणखी वर, शेवटी मी आभाळाकडे बघायला लागलो. तात्यांना माझी कीव आली. महिन्याभरापूर्वी ज्याला चाळिशी नव्हती तो मला चष्म्याबद्दल सल्ला देत होता.

नेमाच्या चष्म्यात एक अडचण होती. माशी लख्ख दिसायची, पण पन्नास यार्डांवरचं हरीण धुक्यात गेलेल्या एसटीसारखं. जाणकारांचं म्हणणं तेच असतं म्हणा. माशीवर नजर ठेवा, लक्ष्य धूसर राहू दे. तात्यांनी ते गीतेच्या श्रद्धेने स्वीकारलं. नाताळानंतर बर्फात पहाटे पाच वाजता निघाले. तीन तासांनी परत आले. थंडीत श्वासाची वाफ चष्म्यावर बसली, काही दिसेना, म्हणून चष्मा काढला. मग माशी दिसेना, म्हणून घातला. या काढघालीत समोर जे तपकिरी होतं ते निघून गेलं. ते हरीण होतं की झुडूप याबद्दल तात्या अजूनही ठाम नाहीत. झुडूप निघून जात नाही, असं काकूंचं म्हणणं. डोळे मात्र शेवटपर्यंत उघडे होते, एवढं तात्यांनी शपथेवर सांगितलं.

ते हे सगळं आमच्या स्वयंपाकघरात चहा पीत सांगत होते आणि खिडकीबाहेर, त्यांच्या पाठीमागे, तीन हरणं माझं उरलंसुरलं कुंपण खात होती. मी काही बोललो नाही.

तेवढ्यात फोन वाजला. गावाकडून चुलतभावाने फोटो पाठवला होता. निवडणूक आटोपली, ठाण्यातून बंदूक परत मिळाली. माझ्या बायकोने फोन तात्यांपुढे धरला. तात्यांनी खिशातून चाळिशी काढली, सवय नसल्यासारखी कानांवर चढवली, आणि दोन बोटांनी फोटो मोठा करत दस्त्यापासून हळूहळू नळीच्या टोकापर्यंत गेले. टोकाशी थांबले. चष्मा काढून पुसला. पुन्हा लावला.

"साइट कुठाय?"

"पडली. माझ्या जन्माआधीच."

"मग नेम कशावर धरतात?"

"आभाळावर."

तात्यांनी कप खाली ठेवला. लेथवर चाळीस वर्षं काढलेला माणूस. कुठल्याही गोष्टीचं माप विचारल्याशिवाय सोडत नाही.

"लागतं?"

"अजून एकदाही हुकलेलं नाही," मी म्हणालो.